सुरकुत्या ठळक करण्याचे प्राथमिक धडे

पहिला धडा चेहरा मिळवण्याचा. पुण्याकडच्या नवशिक्याला त्यासाठी फार वणवण करावी लागत नाही. ज्येष्ठात पालख्या येतात, पुण्यात मुक्काम करतात. माउलींची पालखी ज्या दिवशी दिवे घाट चढून सासवडला जाते, त्या दिवशी घाटाच्या कडेला उभं राहिलं की सत्तरीपुढचे चेहरे आपल्या पायांनी तुमच्यासमोर येतात. टप्पा लांबचा, त्यात चढ, त्यामुळे चेहऱ्यावर थकवा दिसण्याची शक्यता चांगली असते. आपल्याला तोच हवा आहे. तुमच्याआधी तिथे पोचलेले फोटोग्राफर पाहून खट्टू होऊ नका. सगळे त्याच आजोबांसाठी आलेले असतात आणि आजोबांना त्याची सवय झालेली असते.

चेहरा निवडताना दाढीचे पांढरे खुंट, खोल गेलेले डोळे, डोक्याला मुंडासं आणि गळ्यात तुळशीची माळ एवढं पाहावं. बाई असेल तर कपाळावर गोंदण असल्यास उत्तम. आयटी दिंडीतली मंडळीही तेवढाच घाम गाळत चालत असतात, पण त्यांच्या कातडीत अजून मजकूर उमटलेला नसतो. त्यांना सोडून द्या.

आता एक अडचण येते. ती आधीच सांगून ठेवलेली बरी. वारकरी हसतो. दिवसभर चालून आल्यावरही टाळ वाजवतो, संधी मिळाली की फुगडी घालतो, आणि कॅमेरा दिसला की "काढा माउली, काढा" म्हणत सगळे दात दाखवतो. या अवस्थेत बटण दाबायचं नाही. हसऱ्या चेहऱ्यावरच्या रेषा वर वळतात, आणि आपल्याला त्या खाली ओघळलेल्या हव्यात. त्याचं हसणं ओसरेपर्यंत थांबा. तो पायातला काटा पाहायला, कुणाची तरी वाट पाहायला किंवा नुसता श्वास घ्यायला थांबेल, तेवढ्यात उरकून घ्या. १९४१ साली ओटावात यूसुफ कार्श या फोटोग्राफरने चर्चिलच्या तोंडातला सिगार काढून घेतला आणि त्या क्षणी चर्चिलच्या चेहऱ्यावर जे आलं ते टिपलं, ही गोष्ट प्रसिद्ध आहे. पण म्हणून घाटात कुणाच्या हातातला चहा काढून घेण्याचा प्रयोग करू नये. दिंडीत माणसं बरीच असतात.

फोन वापरत असाल तर त्याचं सौंदर्यप्रसाधन आधी बंद करा. हल्लीचे बरेच फोन चेहरा दिसला की न विचारता कातडी गुळगुळीत करून टाकतात. मग आपण एका ॲपने गेलेल्या सुरकुत्या दुसऱ्या ॲपने परत आणायला बसतो. त्यात वेळ जातो.

घरी आलात की चहा घ्या आणि रंग काढायला घ्या. वारीत रंग फार असतात, हे तुमच्याही लक्षात आलं असेल. भगव्या पताका, हिरवी तुळस, हिरवी-जांभळी लुगडी, कपाळावर अष्टगंध आणि बुक्का. हे सगळं राहिलं तर फोटो उत्सवाचा दिसेल. आपल्याला आयुष्य दाखवायचं आहे.

रंग काढण्याची पद्धत मात्र नीट समजून घ्या, कारण सगळी मेख तिथेच आहे. नुसतं सॅच्युरेशन शून्यावर नेलं की फोटो मेणचट, करडा होतो. लाइटरूममध्ये किंवा तशा कुठल्याही प्रोग्रॅममध्ये कृष्णधवल केल्यावर प्रत्येक रंगाची वेगळी पट्टी मिळते. मूळचा लाल किती उजळ दिसावा, निळा किती गडद, हे तिथे ठरतं. माणसाची कातडी, गोरी असो की काळी, मुख्यतः नारिंगी आणि लाल याच पट्ट्यांत मोडते. नारिंगी वर नेलीत तर चेहरा उजळतो, डाग विरघळतात, आजोबा दहा वर्षांनी लहान होतात. नारिंगी खाली खेचलीत की चेहरा काळवंडतो आणि प्रत्येक तीळ, वांग, शीर, उन्हाने पडलेला चट्टा उठून दिसतो. जुन्या ऑर्थोक्रोमॅटिक फिल्मला लाल रंग दिसतच नसे, म्हणून तर ती लाल दिव्याखाली धुता येई. तिच्यावर ओठ आणि गाल असेच काळे पडत. त्या काळचे फोटोग्राफर यावर उपाय शोधत होते. आपण तेच मुद्दाम करतो आहोत.

नारिंगी किती खाली न्यायची, असं विचाराल. पताका पाहत राहा. भगवा रंगही त्याच पट्टीत बसतो. जास्त खाली गेलात तर माउलींच्या मागची पताका काळीकुट्ट होते आणि वारी निषेध मोर्चासारखी दिसू लागते. तेव्हा चेहऱ्यापुरता मास्क करा आणि पताकेला तिच्या जागी राहू द्या.

यानंतर क्लॅरिटी. नवशिक्यांची ही लाडकी पट्टी. उजेड आणि अंधार यांच्या मधल्या करड्या छटांत जिथे जिथे कडा असते, तिथे ही पट्टी एक बाजू अधिक उजळ आणि दुसरी अधिक गडद करते. सुरकुती म्हणजे कडाच. त्यामुळे वीसवर सुरकुती दिसते, चाळीसवर ती बोलते आणि शंभरवर ओरडते. स्नॅपसीडमध्ये हेच काम 'डीटेल्स'मधली 'स्ट्रक्चर' करते, आणि ज्यांना पट्टीशी खेळायचाही कंटाळा आहे त्यांच्यासाठी 'ड्रामा' आणि 'ग्रंज' हे तयार फिल्टर आहेत. क्लॅरिटी फार वाढवली की गडद मुंडाशाची कड आणि पावसाळी आभाळ यांच्यामध्ये एक पांढरी झळाळी उमटते. जाणकार याला दोष मानतात. तुम्ही मानू नका. सरळ साध्या शेतकऱ्याला एका पट्टीत संताची प्रभावळ मिळत असेल तर कुणाची हरकत असणार?

डोळ्यांची बुबुळं थोडी उजळा. थोडीच. कडा काळ्या करा, म्हणजे व्हिग्नेट. ते झालं की पुढे चला.

ग्रेन, म्हणजे फोटोतला दाणा. याला इतिहास आहे आणि तो माहीत असलेला बरा, चारचौघांत बोलता येतो. कोडॅकची ट्राय-एक्स फिल्म ३५ मिमीच्या रिळात १९५४ साली आली. कमी उजेडात चालावी म्हणून तिच्यातले चांदीच्या क्षारांचे कण मोठे, आणि कण मोठे म्हणून फोटोत दाणा. बातमीदार फोटोग्राफर ती आणखी ताणत, चारशेची फिल्म सोळाशेची समजून वापरत आणि डेव्हलपरमध्ये जास्त वेळ ठेवत. मग दाणा आणखी वाढे, काळं आणखी काळं होई. रात्री रस्त्यावर फोटो मिळण्यासाठी मोजलेली ती किंमत होती. १९६८ साली तोक्योत निघालेल्या 'प्रोव्होक' या नियतकालिकाने त्याच किमतीची शैली केली. दाणेदार, हललेले, फोकस सुटलेले फोटो त्यांनी हट्टाने छापले. दाइदो मोरियामा हे त्यातलं मोठं नाव. अंक तीनच निघाले, पण त्यांची नक्कल अजून चालू आहे. आज आपण दाणा येऊ नये म्हणून लाखभराचा कॅमेरा घेतो, भर दुपारच्या उजेडात फोटो काढतो आणि घरी येऊन दाणा टाकतो. अमाउंट, साइझ, रफनेस अशा तीन पट्ट्या त्यासाठी दिलेल्या असतात. तिन्ही वापरा, पैसे दिलेत.

आता सफाई. फोटोत विसाव्या-एकविसाव्या शतकाचं काही राहिलं असेल तर ते शोधून काढा. मनगटावरचं घड्याळ, खिशातून डोकावणारा मोबाइल, कानामागचं श्रवणयंत्र, पावसासाठी पांघरलेला निळा प्लास्टिकचा कागद, मागच्या फ्लेक्सवरचे हसरे स्थानिक नेते. वारकऱ्याकडे मोबाइल असतो आणि त्यावर तो शेतातल्या पेरणीची चौकशी करत असतो, ही माहिती प्रेक्षकाला मिळता कामा नये. त्याचं दुःख कालातीत दिसलं पाहिजे.

शेवटी ओळ लिहायची. 'अनुभवाच्या रेषा', 'सुरकुत्यांमधला इतिहास', 'बोलके डोळे' यांपैकी जी यंदा कुणी वापरली नसेल ती घ्या. सगळ्याच वापरल्या असतील, तरी घ्या. त्याखाली लेन्सचं नाव, ८५ मिमी, एफ १.८, शटर, आयएसओ हे सगळं बिनचूक द्या. माणसाचं नाव देण्याची प्रथा नाही.

ही प्रथा कुठून आली कळत नाही, कारण या प्रकारातल्या थोरांनी ती पाळलेली दिसत नाही. रिचर्ड ॲव्हेडॉनने १९७९ ते १९८४ या काळात अमेरिकेच्या पश्चिम भागात खाणकामगार, तेलविहिरींवरचे मजूर, कसाईखान्यात राबणारे, भटके अशा माणसांचे फोटो काढले. 'इन द अमेरिकन वेस्ट' हे त्या कामाचं नाव. मागे पांढरा कागद, सावलीतला सपाट उजेड आणि आठ बाय दहा इंचांची फिल्म. क्लॅरिटी तेव्हा नव्हती. त्या प्रचंड फिल्मवर कातडीतला कण न् कण मावत होता. या चेहऱ्यांवर टीकाही झाली, न्यूयॉर्कच्या माणसाने आपला उदासपणा पश्चिमेवर लादला अशी. पण प्रत्येक फोटोखाली माणसाचं नाव, धंदा, गाव आणि तारीख आहे. तेवढं तरी त्याने केलं.

तुमचे आजोबा हा फोटो पाहतील तेव्हा काय म्हणतील याचा अंदाज तालुक्याच्या कुठल्याही फोटो स्टुडिओत बसून घेता येतो. तिथे लोक पैसे मोजून सुरकुत्या काढून घेतात. ही कला कॉम्प्युटरच्या आधीची आहे. निगेटिव्हवर सुरकुतीची सावली पारदर्शक रेघ होऊन उमटते. स्टुडिओवाला टोकदार शिसपेन्सिलीने ती रेघ हलक्या हाताने भरायचा, म्हणजे प्रिंटवर तेवढी जागा उजळ यायची आणि सुरकुती बुजायची. ज्याने जन्मभर ऊन खाल्लं तो फोटोत गोरा आणि तुकतुकीत दिसू इच्छितो. ज्याने एसीत दिवस काढले त्याला दुसऱ्याच्या चेहऱ्यावर ऊन हवं असतं. यात चूक कोण ते मला ठाऊक आहे. शिवाय गावाकडे काळापांढरा, कडा काळवंडलेला, गंभीर चेहऱ्याचा फोटो एकाच ठिकाणी लागतो, आणि त्याच्यावर 'भावपूर्ण श्रद्धांजली' लिहिलेलं असतं. धडधाकट माणसाला तो पाठवण्याआधी याचा विचार करा.

तेव्हा एवढं करा. फोटो काढल्यावर नाव आणि गाव विचारा, दिंडीचा क्रमांक लिहून घ्या, आणि दिंडी रथापुढची की रथामागची तेही टिपा. तेवढ्यावर वारकरी सापडतो. त्याचा हसतानाचा, तुम्ही टाळलेला, एक फोटोही काढा. तो रंगीत ठेवा, नारिंगी जरा वर न्या, पोस्टकार्ड आकारात छापून पाठवून द्या. क्लॅरिटीला हात लावू नका.