टीन तिघाडा, काम बिघाडा

२०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘वीस एक, वीस दोन’ आलं आणि महाराष्ट्रभर रान पेटलं, तेव्हा आमच्या घरात नव्या पद्धतीचा एकमेव वकील मी होतो. समोर आत्या. जन्मभर प्राथमिक शाळेत पाढे घोटून घेतलेली बाई.

“इंग्रजी बघ,” मी म्हणालो, “आधी दशक, मग एकक. ट्वेंटी-वन! आपलं सगळंच उलटं.”

“मग इलेव्हनमध्ये दहा कुठे लपलेत रे?”

मी पुस्तकं उघडली आणि तिथेच घात झाला. इलेव्हनचा मूळ अर्थ ‘एक उरला’, ट्वेल्व्हचा ‘दोन उरले’. दहा मोजून झाल्यावर, बरं का. थर्टीनपासून नाइन्टीनपर्यंत चक्क मराठी चाल, आधी एकक. वीसनंतरही इंग्रज शतकानुशतकं ‘फाइव्ह अँड ट्वेंटी’ म्हणत आले. १८११ सालच्या कादंबरीत जेन ऑस्टिनची बाई ‘सेव्हन अँड ट्वेंटी’ची आहे. १८६३मध्ये गेटिसबर्गला लिंकनने ८७ वर्षं मोजली तीसुद्धा चार विशा आणि सात अशी. (आमची पणजी शंभराला ‘पाच विसा’ म्हणायची. तिला आम्ही अडाणी समजत होतो.)

यातलं आत्याला अर्थातच काही सांगितलं नाही.

पुढे तिची पंचाहत्तरी आली. केटररला फोनवर मी ऐटीत ‘थर्टीन’ डबे सांगितले. तीस आले.

फोनवरच्या त्या पोराचा तरी काय दोष? थर्टीनमधलं ‘टीन’ आणि थर्टीतलं ‘टी’, दोघंही दहाचेच वंशज. एक म्हणतो तिनात दहा मिळवा, दुसरा म्हणतो तिनाला दहाने गुणा. बेरीज की गुणाकार, हे ठरवायला शेवटी एवढासा ‘न’, आणि तो फोनमध्येच कुठेतरी विरला. खुद्द इंग्रजांचीही अशी गल्लत होते, असं मी आत्याला समजावू लागलो.

“तेरा नि तीस यांत गोंधळलेलं पोर माझ्या वर्गात कधी बसलं नाही,” ती म्हणाली.

पाहुणे जेवून गेले. आत्याने शिल्लक डबे मोजले.

“दहा मोजून सात उरले.”

म्हणजे माझी पुस्तकं तिने केव्हाच वाचून काढली होती.

“जा, बिल्डिंगमध्ये वाटून ये,” ती म्हणाली, “आणि दारात मराठीत बोल.”