खिशात दमडी नसताना काल्हेरला इमारत कशी उभारावी

आधी जागामालक गाठा. ठाण्याहून काशेळीचा पूल ओलांडून भिवंडीच्या अंजूर फाट्याकडे निघालात की दुतर्फा गोदामं लागतात. त्यांच्या आड एखादं भातखाचर शिल्लक असेल, त्याचा सातबारा काढा. नाव एकाचंच दिसलं तर हुरळून जाऊ नका, बहिणींचे हक्कसोड पाहा. जागेचे पैसे द्यायचे नाहीत, टक्केवारी द्यायची. मेट्रो 5 चं काल्हेर स्टेशन जवळ आहे, हे बोलण्यात तीनदा आणा.

मग सळई. सळईवाल्याला नकाशातला चौथ्या मजल्यावरचा फ्लॅट दाखवून त्या चौकटीत त्याचं नाव पेन्सिलीने लिहा. पेन्सिलच हवी, कारण पुढच्या महिन्यात तीच चौकट टाइल्सवाल्याला दाखवायची आहे. नोंदणीकृत कराराशिवाय 10 टक्क्यांहून जास्त रक्कम घेऊ नये, असं रेरा म्हणतो. तुम्ही रक्कम घेतच नाही, सळई घेता! (असा युक्तिवाद वकिलासमोर करू नये, तो फी वाढवतो.) तो सळईचा भाव चढवून लावतो, तुम्ही फ्लॅटचा, आणि दोघेही समोरच्याला गंडवल्याच्या आनंदात कटिंग घेता.

सळईवाल्याला तिथे राहायचं नसतंच. तो फ्लॅट ट्रान्सपोर्टवाल्याच्या गळ्यात मारतो. ट्रान्सपोर्टवाल्याला डिझेलला पैसे हवेत, म्हणून तो तुमच्याच गेटसमोर उभा राहून तुमच्यापेक्षा स्वस्तात गिऱ्हाईक पटवतो. तुमचं सेल्स ऑफिस ओस पडतं, एसी तेवढा चालू राहतो.

गवंडी आणि बिगारी मात्र फार जुन्या विचारांचे. त्यांना आठवड्याला रोखच लागते. बाल्कनीचा कोपरा नावावर करतो म्हटलं की थापी खाली ठेवतात. त्यांना बलुतेदारीचा दाखला द्या: सुताराला, लोहाराला धान्यच मिळायचं की! सुगी दरवर्षी यायची, एवढं बोलू नका.

सरकारही रस्त्याला जागा घेऊन टीडीआरचा, म्हणजे दुसरीकडे बांधायच्या हक्काचा, कागद हातावर ठेवतं, म्हणून ते आपल्यातलंच वाटेल. पण घेताना त्याची रीत वेगळी. 2017 च्या जीएसटी कायद्याने वस्तुविनिमयही पुरवठ्यातच मोजला आहे, आणि मालमत्तेची अदलाबदल केलीत तर जी महाग तिच्यावर मुद्रांक शुल्क. हे सगळं चलनाने, पैशांत. दुय्यम निबंधकाच्या दारात सळई उतरवून पाहायला हरकत नाही, पण ट्रान्सपोर्टवाला या खेपेचं भाडं आगाऊ आणि रोख मागेल.