आढीतली सहल

आमची लेकरं इंग्रजी मुळाक्षरं ज्या फळापासून शिकायला लागतात, ते फळ जळकोटच्या शिवारात फक्त बाजाराच्या दिवशी गाड्यावर दिसतं. त्यात सफरचंदाचा दोष नाही. त्याच्या जुन्या जातींना हिवाळ्यात सात अंशांखाली हजारेक तास थंडी लागते. आमच्याकडे पहाटे शेकोटी पेटते खरी, पण दहा वाजता अंगातलं स्वेटर कमरेला येतं. हिमाचलातल्या बिलासपूरचे हरिमन शर्मा यांनी कमी थंडीत फळणारी जात शोधली, त्यासाठी 2025 साली त्यांना पद्मश्रीही मिळाली. उष्ण मुलखातले हौशी शेतकरी आता ती झाडं लावून पाहतात. पण दिवाळीच्या सुटीत पुण्याहून आलेल्या भाचरांना एवढा दम कुठला! त्यांनी मोबाइलवर पाहिलं होतं की परदेशातली मुलं चौकड्यांचे शर्ट घालून, हातात गोंडस टोपली घेऊन बागेत जातात, सफरचंद तोडतात आणि तिथंच दात रोवतात. त्यांनाही तसंच जायचं होतं.

"सफरचंद न्हाई, शिताफळं हायत. चला," आबा म्हणाले, आणि सहल ठरली.

गोंडस टोपलीऐवजी सोयाबीनचं रिकामं पोतं निघालं. ताईनं धपाटे, शेंगदाण्याची चटणी आणि दही बांधून घेतलं. सोयाबीनच्या राशी नुकत्याच झाल्या होत्या, त्यामुळे धुळीत माखलेली माणसंही निवांत दिसत होती. बालाघाटाच्या या रांगा म्हणजे मुरमाड माळ. दुसरं फारसं काही जिथं धड येत नाही तिथं सीताफळ हटकून येतं. त्याच्या पाल्याला शेळीही तोंड लावत नाही. जगातलं बहुतेक सगळं चाखून पाहणाऱ्या शेळीनं ज्याला नापास केलं, ते झाड बांधावर सुखानं वाढतं. मूळचं हे अमेरिका खंडातलं. पोर्तुगीजांच्या काळात इकडं आलं आणि असं रुळलं, की शेजारच्या बीडच्या सीताफळाला 2016 साली भौगोलिक मानांकन मिळालं, अंबाजोगाईला त्याच्यासाठी संशोधन केंद्र आहे. परदेशी पाहुण्यानं इथलाच रहिवासी दाखला काढावा, तसं झालं.

भाचरं झाडाशी पोचली आणि सहलीचा पहिला पेच पडला. झाडावर हात पुरेल तिथं फळं होती, पण एकही खाण्याजोगं नव्हतं.

"आबा, पिकलेलं कुठंय?"

"पिकलेलं झाडावर राहू द्यायलेत का पाखरं? खारी हायत, मुंग्या हायत. त्यांचं झालं की आपलं."

मग शिकवणी सुरू झाली. फळावरचे डोळे उघडले, म्हणजे खवल्यांमधल्या चिरा रुंदावून पिवळसर पांढऱ्या झाल्या, की फळ तोडायचं. डोळे मिटलेलं तोडलं तर ते पिकत नाही, दगड होऊन काळं पडतं. थोरलीनं प्रत्येक फळाच्या डोळ्यांत डोळे घालून पाहायला सुरुवात केली. धाकट्याला एक वाकडं, एका बाजूनं खुरटलेलं फळ सापडलं आणि त्याला त्याची दया आली. फुलात पुष्कळ छोटे बीजकोश असतात. बारीक किडे परागकण घेऊन येतात तेव्हा ते भरतात, मग एकेका कोशाचा एकेक डोळा होतो. जिथं किडा पोचला नाही, तिथं फळ बसकं राहतं. हे ऐकून धाकटा किड्यावरच रागावला. "त्याने अर्धंच काम केलं!" आमच्या घरात हे वाक्य सहसा त्यालाच ऐकावं लागतं.

धपाटे खाऊन, पोतं भरून, एकही सीताफळ न चाखता आम्ही परतलो. परदेशातली सहल बागेत संपते. सीताफळाची सहल घरी आल्यावर सुरू होते.

आजीनं कोठीच्या खोलीत गवत पसरून आढी लावली आणि तीन-चार दिवस कुणी हात लावायचा नाही असा हुकूम काढला. ताईनं फ्रिज सुचवला, तर कच्चं सीताफळ थंडीत काळं पडतं म्हणून तो बेतही रद्द झाला. पुढं त्या खोलीत वर्दळ वाढली. कुणाला चार्जर हवा होता, कुणाला जुनी वही. आत गेलेला माणूस हळूच एक फळ दाबून बाहेर येई. लेकरांवर आळ घेणारे आबाही पंच्याचं टोक सावरत तिथूनच बाहेर पडताना दिसले.

आणि मग सगळी फळं एकदम पिकली. सीताफळ सभ्यपणे खाता येत नाही. चमचा दिला तरी अखेर बोटंच लागतात, आणि घाईनं तर मुळीच नाही, कारण प्रत्येक घासाला बिया. इतर वेळी पाच मिनिटांत ताट सोडून पळणारी भाचरं तासभर अंगणात बसली. बिया कोण लांब फुंकतं याची चुरस लागली. बियांची पूड डोळ्यांत गेली तर डोळे जातात, पूर्वी ती उवांवर लावत, हे आजीनं बजावलं. त्यावर धाकट्यानं गिळलेल्या एका बीबद्दल हळूच चौकशी केली. बी चावली नसेल तर ती आली तशी निघून जाते, असं कळल्यावरच त्यानं पुढचं फळ उचललं.

पण पुण्याची गाडी दुसऱ्याच दिवशी होती आणि पिकलेलं सीताफळ प्रवासाला निघत नाही. थोरलीनं हिशेब मांडला. "पुढच्या वर्षी आल्या आल्या शेतात जायचं, म्हणजे सगळी सुटी खाता येतील."

आबा हसले. "बाई, दिवाळी येती तिथीनं. अधिक महिना आला की ती पुढं सरकती. तुमची सुटी येती शाळेच्या कागदानं. अन् शिताफळाचा बहर येतो पहिल्या पावसानं. तिघांचा मेळ तू बसिव."

थोरली बराच वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "शाळेच्या कागदाचं मी बाईंशी बोलते. बाकीच्या दोघांचं तुम्ही बघा."