पितळेभाऊ

पितळेभाऊंचं खरं आडनाव आता रेशनकार्डापुरतंच उरलंय. पुसदच्या बाजारात कुठल्याही लेथवाल्याला विचारा, तो पितळेभाऊंचंच घर दाखवेल. नवी वस्तू घरात आली की लोक तिला हळदकुंकू वाहतात. हे पेचकस आणतात. आधी नखानं टिचकी मारायची. आवाज बोदा आला की भाऊंचं तोंड वाकडं. "प्लॅस्टिक हाय बाप्पा! हे काय टिकते?" मग वस्तू सुरू करून पाहायच्या आतच उघडली जाते. वॉरंटीचं कार्ड कुठं ठेवलंय, हे त्या घरात कुणी विचारत नाही.

मिक्सरची गोष्ट अख्ख्या आळीला पाठ आहे. भांडं जिथं मोटरीला अडकतं, तिथलं कपलर कंपनीनं मुद्दाम मऊ ठेवलेलं असतं. काही अडकलं तर आधी ते तुटावं आणि मोटर वाचावी. भाऊंना हे लेचंपेचं काम पटलं नाही. त्यांनी लेथवर पितळेचं कपलर काढून आणलं. दुसऱ्याच दिवशी सुक्या खोबऱ्याचा तुकडा अडकला, मोटर जळाली, घरभर धूर. काकू कपाळाला हात लावून बसल्या, आणि भाऊ कपलर उजेडात फिरवून म्हणाले, "पाह्य, एक ओरखडा नाही!"

अलीकडे मोबाइलवर त्यांना थेट परदेशातले भाऊबंद सापडले. ग्लॉक नावाचं एक ऑस्ट्रियन पिस्तूल आहे. 1982 साली तिथल्या सैन्यानं ते पसंत केलं. नळी आणि वरचा सरकता भाग पोलादी, पण मुठीसकट सगळा सांगाडा पॉलिमरचा. करणारे गॅस्टन ग्लॉक यांनी त्याआधी पिस्तूल केलंच नव्हतं. त्यांच्या कारखान्यात पडद्याचे दांडे आणि चाकू निघत. आज कितीतरी देशांचे पोलीस ते कमरेला लावून निर्धास्त फिरतात. तरी अमेरिकेतले हौशी लोक ते घेतल्या घेतल्या प्लॅस्टिकचा खटका काढतात, स्प्रिंगमधली दांडी काढतात, नेम धरायची खूणसुद्धा काढतात आणि सगळं धातूचं बसवतात. वजन वाढलं की धक्का कमी बसतो, असं ते सांगतात. खटका आणि दांडीनं असं किती वजन वाढणार? खरं कारण हाताला गार लागण्याचं सुख हेच असावं. भाऊ तर भारावूनच गेले. "अमेरिकेतबी आपलेच लोक हाय रे!"

भाऊंकडे पिस्तूल नाही, परवाना तर नाहीच. नातवाचं टिकल्यांचं पिस्तूल मात्र होतं. दिवाळीच्या आधी त्याचा घोडा आणि खटका पितळेचा झाला. स्प्रिंग मूळचीच राहिली; तो जड घोडा आपटताना तिला दम लागायचा. पोरगं दोन्ही हातांनी पिस्तूल उचलायचं, खटका ओढायचं आणि टिकलीकडे बघत बसायचं. चहाच्या टपरीवर एका वकीलसाहेबांनी भाऊंना गंभीरपणे बजावलं, "1959 च्या शस्त्र कायद्याचं कलम 6 बघा. नकली हत्याराचं खरं करायचं तर परवाना लागतो. पण टिकली फुटत नाही, तोवर तुम्ही निर्दोष!"

एका बाबतीत मात्र गावात भाऊंना कुणी हसत नाही. हा मुलूख कापूस-सोयाबीनचा. पावसाळ्यात पाठीवर सोळा लिटरचा पंप घेऊन माणसं दिवस दिवस पिकाच्या तासांतून चालतात. उन्हानं पंपाच्या खटक्याजवळचं प्लॅस्टिक तडकतं, वॉशर सैल होतो आणि औषध मनगटावरून कोपरापर्यंत ओघळत राहतं. 2017 च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं वीसहून अधिक माणसं गेली. गळका पंप हे त्याचं एकमेव कारण नव्हतं. पण तेव्हापासून भाऊंच्या ओट्यावर हंगामात पंपांची रांग लागते. ते तडकलेली चकती काढून पितळी बसवतात, वॉशर बदलतात, मग टाकीत साधं पाणी भरून स्वतःच्या कोरड्या हातात खटका दाबून धरतात. मनगट ओलं झालं की पुन्हा खोल. मजुरी विचारली तर म्हणतात, "वॉशरचे दे, बाकी राहू दे."

आणि नोजल? ते भाऊ प्लॅस्टिकचंच ठेवतात. पाण्यात कालवायच्या भुकटीनं पितळी नोजलचं भोक लवकर झिजतं, मोठं होतं आणि औषध जास्त सुटतं. चांगल्या प्लॅस्टिकचं त्याहून जास्त टिकतं. हे त्यांना ठाऊक आहे. विचारलं तर मात्र, "पितळी संपले होते रे," असं म्हणून ते दुसरा पंप पुढ्यात ओढतात.

पंप गळत असेल तर भाऊंकडे जरूर न्या. मिक्सर मात्र घरीच ठेवा.