बर्गर न चाखलेले आबा

मालवणच्या बाजारपेठेत मासळी मिळते, खाजं मिळतं, काजूगर मिळतात. मॅकडोनाल्ड्सचा बर्गर मिळत नाही. गावात याचं दुःख कुणाला असेल तर ते आबांना. कारण आबांचं मॅकडोनाल्ड्सशी युद्ध चालू आहे आणि शत्रू मैदानात यायलाच तयार नाही. ही कंपनी 1996 साली दिल्लीत आणि वांद्र्याला उतरली, पण आबांच्या वाडीपर्यंत तिचा हात अजून पोचलेला नाही. आबा सावध आहेत.

या युद्धाला कारण झाला एक माहितीपट. मे महिन्यात आलेल्या मुंबईकर पुतण्याने लॅपटॉपवर ‘सुपर साइझ मी’ लावला. पिक्चर 2004 सालचा. मॉर्गन स्परलॉक नावाचा अमेरिकन गृहस्थ तीस दिवस, तिन्ही वेळा, फक्त मॅकडोनाल्ड्समधलंच खातो. महिनाअखेर त्याचं वजन सुमारे 11 किलो वाढतं, कोलेस्टेरॉल चढतं, डॉक्टर हादरतात. पुतण्या अर्ध्यावर घोरायला लागला. आबा शेवटच्या नावापर्यंत बसले आणि उठले ते प्रचारक होऊनच.

तेव्हापासून स्परलॉक आबांच्या बोलण्यात ‘आमचो मॉर्गन’ झाला. जणू वरच्या वाडीतला, पण लग्नानंतर अमेरिकेला गेलेला.

“डॉक्टरान काय सांगल्यान म्हायत आसा? मॉर्गन, तुझ्या लिव्हराची पेज झाली!”

ही पेज आबा कुठेही वाढतात. एसटी स्टँडवर, जेटीवर होडीची वाट बघणाऱ्या पर्यटकांना, बारशाला, बाराव्याला. समोरचा माणूस खात असेल तर विशेष. संध्याकाळी चायनीजच्या गाडीवर पोरं जमली की आबा शेजारी येऊन उभे राहतात. काही बोलत नाहीत. नुसतं प्लेटीत बघतात, मग पोराच्या पोटाकडे बघतात, मग पुन्हा प्लेटीत. मंचुरियन घशात अडकायला एवढं पुरतं.

“काय रे झिला, ह्या लाल कशान झाला?”

“सॉस हा आबा.”

“सॉस! खा, खा. लिव्हर तुझा आसा, माझा थोडाच आसा?”

गाडीवाला बिचारा गावचाच. त्याने एकदा सुचवून पाहिलं की आबांनी एक प्लेट खाऊन बघावी आणि मग काय ते बोलावं. आबा म्हणाले, विष चाखून बघायची गरज नसते. मुद्दा बिनतोड होता. मात्र एवढ्यावर थांबतील तर ते आबा कसले? त्यांच्या हाती सरकारी नियम लागला. शाळेच्या फाटकापासून 50 मीटरच्या आत जादा चरबी, साखर, मीठ असलेले पदार्थ विकायचे नाहीत, असा अन्न सुरक्षा प्राधिकरणाचा 2020 सालचा नियम आहे. नियम खरा आणि चांगला. आबांनी सुताराकडून टेप आणला, शाळेच्या गड्याला फाटकाशी एक टोक धरून उभा केला आणि टेप जसा पुरेल तसा सरकवत, खडूच्या खुणा करत भर दुपारी मोजणी केली. चायनीजची गाडी थोडक्यात आत भरली. गाडीवाल्याने वाद न घालता ती चार हात मागे ढकलली आणि धंदा चालू केला.

या मोजणीत टेप एका भजीच्या टपरीवरूनही गेला. टपरी फाटकापासून हाकेच्याही अलीकडे. तिथली भजी कालच्या तेलात पोहत होती. आबांनी टेप थोडा उचलून टपरीवरून पलीकडे नेला. गड्याने विचारलंच, “आबा, हेचा काय?”

“ही भजी रे. आपली.”

आबांचं सगळं आहारशास्त्र या एका शब्दात आहे. तळलेलं वाईट, पण वडे आपले. मैदा वाईट, पण उसळीबरोबरचा पाव आपला. साखर वाईट, खाज्यात गूळ असतो आणि वर आलं असतं, म्हणजे ते औषध. एवढं करून काही उरलंच तर वरून सोलकढी, ‘सगळा जिरता’. सरकारी नियम चरबी-मीठ-साखर बघतो, पदार्थाचं गाव विचारत नाही, हे आबांना पटवायला मी गेलो नाही. मला त्यांच्या घरी जेवायचं असतं. आणि खरं सांगायचं तर असे आबा कुडाळात आहेत, कणकवलीत आहेत, दादरला तर इमारतीमागे एक आहेत. स्वतःच्या ताटाला पासपोर्टवर सोडणारी ही मंडळी वाईट नसतात, नुसती जोरात असतात.

पण आबा नुसते बोलणारे नव्हेत. मॉर्गनने वाईट खाऊन दाखवलं, मी चांगलं खाऊन दाखवतो, असं त्यांनी जाहीर केलं. तीस दिवस, तिन्ही वेळा, फक्त आपलं. मॉर्गनने तीन डॉक्टर ठेवले होते. आबांनीही तीन नेमले: उपकेंद्रातली नर्स, मेडिकलवाला आणि गुरांच्या दवाखान्यातून निवृत्त झालेला मेव्हणा. वजन भातगिरणीच्या काट्यावर झालं. मॉर्गनचे नियमही जसेच्या तसे घेतले: यादीतला प्रत्येक पदार्थ एकदा तरी खायचा, चालणं कमी ठेवायचं, आणि मोठी प्लेट आपणहून मागायची नाही, पण समोरच्याने विचारलं तर नाही म्हणायचं नाही.

घात झाला तो या शेवटच्या नियमाने. कारण आबांनी मुहूर्त धरला चतुर्थीचा.

कोकणात चतुर्थीला “आणखी घेतलास?” असं कोण विचारत नाही? अमेरिकेतल्या मुलीने काउंटरवरून एकदा विचारलं आणि विषय संपला. इथे यजमानीण विचारत विचारतच वाढते. सकाळी मोदक, नेवऱ्या. रात्री भजन: एका घरी उसळ-पाव, दुसऱ्या घरी शेव-लाडू, तिसऱ्या घरी परत उसळ-पाव, आणि आबा टाळ वाजवतात म्हणून त्यांना सगळ्या घरी जाणं भाग. कुणाचा गणपती दीड दिवसांचा, कुणाचा अकरा, कुणाचा एकवीस. गणपती गेले त्या घरी कोंबडी-वडे. तोवर म्हाळ लागले. रोज कुणाकडे तरी वडे, खीर आणि काळ्या वाटाण्याची उसळ, आणि पितरांच्या पानाला नाही म्हणणारा माणूस अजून जन्माला यायचा आहे. आबांनी चालणं कमी ठेवायचा नियम तर फारच निष्ठेने पाळला. देवळापर्यंतसुद्धा स्कूटरने गेले.

तिसाव्या दिवशी गिरणीवर बघ्यांची गर्दी. आबा काट्यावर चढले. पाच किलो जास्त. नर्सने दाब मोजला आणि पुन्हा मोजला. मेव्हण्याने डोळ्याची खालची पापणी ओढून बघितली, जशी बैलाची बघतात, आणि मान हलवली.

“काटो भाताचो आसा,” आबा म्हणाले. “माणसाक चलाचो नाय.”

दिवाळीत पुतण्या आला तो पुरावे घेऊनच. ‘फॅट हेड’ नावाचा 2009 सालचा दुसरा माहितीपट. त्यात टॉम नॉटन नावाचा माणूस महिनाभर फास्ट फूडच खातो, पण हिशेबात, आणि वजन उतरवून दाखवतो. वर आणखी एक: 2017 साली स्परलॉकने स्वतःच कबूल केलं की आपण कितीतरी वर्षं दारू पीत होतो. म्हणजे लिव्हरच्या पेजेत पाणी कुणी घातलं, हा प्रश्नच आहे.

आबा बराच वेळ गप्प राहिले. गड्याने, मेव्हण्याने, मी, सगळ्यांनी श्वास धरला.

“पितलो तर पितलो,” आबा म्हणाले. “माणूस गेलो आता. गेलेल्याबद्दल वायट बोला नये.”

हेही खरंच. स्परलॉक मे 2024 मध्ये कर्करोगाने वारला, वय 53. आबांनी त्याच्यासाठी देवळात नारळ ठेवल्याचं गिरणीवाला सांगतो. बर्गर मात्र आबांनी आजतागायत चाखलेला नाही.

प्रयोग त्यांनी सोडलेला नाही. पुढचे तीस दिवस आंगणेवाडीची जत्रा झाल्यावर. तुम्ही त्या सुमारास मालवणात असाल आणि आबांच्या शेजारी पंगतीला बसायचा योग आला तर कृपा करून एवढंच करा: “आबा, आणखी घेतलास?” असं विचारू नका.