न्याहारी धरून की सोडून?

सहलनियोजक हा मध्य पुण्यात बारमाही आढळणारा इसम आहे. मंडईच्या आसपास, शुक्रवार आणि बुधवार पेठेच्या बोळांत, त्याची वस्ती दाट असते. दिवाळीच्या आधी महिनाभर आणि मे महिन्याच्या आधी दोन महिने त्याचा आवाज चढतो. खिशात चार घड्यांचा कागद, कागदात खोचलेली लाल-निळी बॉलपेनं आणि तोंडात एकच प्रश्न, एवढ्या खुणांवरून तो गर्दीतही ओळखू येतो. प्रश्न असा: "न्याहारी धरून की सोडून?"

या प्रश्नाचे मूळ मंडईतच शोधावे लागते. १८८६ साली ही अष्टकोनी इमारत उभी राहिली तेव्हा तिचे नाव रे मार्केट होते. पुढे ते महात्मा फुले मंडई झाले. नाव बदलले तरी तिथला एक अलिखित कायदा बदलला नाही. भाजीचा भाव एक, आणि त्यावर मिळणारी कोथिंबीर-मिरची वेगळी. सहलनियोजक लहानपणी आईमागे पिशवी धरून उभा असतो तेव्हाच त्याला कळते की कुठल्याही किमतीत काहीतरी धरलेले असते आणि काहीतरी सोडलेले. मग तो दाताच्या डॉक्टरला "एक्स-रे धरून?" असे विचारतो, जागा दाखवणाऱ्या एजंटाला "मेंटेनन्स धरून?" असे, आणि मुलीच्या सासरच्यांनी पाहुण्यांची संख्या सांगितली की "बँडवाले धरून?" असे. एमटीडीसीच्या एका योजनेचे नावच 'निवास व न्याहारी' आहे हे त्याला समजले, त्या दिवशी सरकारविषयीचे त्याचे मत पहिल्यांदा आणि बहुधा शेवटचे चांगले झाले. सरकारने कोथिंबीर थेट जुडीला बांधून दिली होती.

त्याचे कार्यक्षेत्र कोकण किनारा, आणि वाहन म्हणजे दुसऱ्याने स्वतः चालवायची गाडी. कामाची सुरुवात घाटापासून होते. ताम्हिणी उतरला की माणगाव, वरंध उतरला की महाड, कुंभार्ली उतरला की चिपळूण. पावसाळ्यात वरंधचे नाव काढणाऱ्याशी तो आठवडाभर बोलत नाही. घाट ठरला की खाड्या. रेवस ते रेड्डी हा सागरी महामार्ग नकाशावर किनारा धरून जातो, पण मोठ्या खाड्यांवरचे कित्येक पूल वर्षानुवर्षे झालेच नाहीत. तिथे गाडी फेरीबोटीवर चढवायची. बागमांडल्याला सावित्री ओलांडून वेसवी, दाभोळला वाशिष्ठी ओलांडून धोपावे, तवसाळला शास्त्री ओलांडून जयगड. तीन नद्या, तीन बोटी. या बोटींच्या वेळांवर सहलनियोजक सगळ्या कुटुंबाच्या आंघोळी बसवतो. बोटीचा दर विचारताना तो अर्थातच "गाडीतली माणसं धरून?" हे विसरत नाही, आणि इथे मात्र प्रश्न रास्त असतो, कारण गाडीचे तिकीट वेगळे आणि माणसांचे वेगळे.

त्यानंतर समुद्र. तिथीला पाऊणने गुणले की भरतीची वेळ येते हे कोकणातले जुने गणित त्याला पाठ असते. अष्टमीला सहा, पौर्णिमेला सव्वाअकरा. पंधरा-वीस मिनिटे इकडेतिकडे होतात, ती तो समुद्राची चूक मानतो. हे गणित लागते, कारण हरिहरेश्वरची प्रदक्षिणा ओहोटीला घालायची असते आणि हेदवीची बामणघळ पाहायची ती भरतीला, लाट घळीत शिरून उंच उडते तेव्हा. एकाच सहलीत दोन्ही नीट जमवून देणारा माणूस पंचांगकर्त्याच्या तोडीचा म्हणायला हरकत नाही. तो स्वतः तसे म्हणतोच.

सर्वांत जास्त वेळ जातो तो खोल्यांच्या फोनवर. किनाऱ्यावरच्या गावांत नारळ-सुपारीच्या वाडीला लागून दोन-तीन खोल्या काढलेल्या असतात, रस्त्यावर 'घरगुती राहण्या-जेवणाची सोय' अशी पाटी असते, आणि फोन बहुतेक काकूच उचलतात.

"खोली कितीला?"

काकू आकडा सांगतात.

"न्याहारी धरून की सोडून?"

"धरून. पोहे नाहीतर घावन."

"घावन चटणी धरून की सोडून?"

"धरून."

"आणि मोदक?"

"त्याचं आदल्या दिवशी सांगायचं. वेगळे पैसे."

"तूप धरून?"

"तूप धरून. भाऊ, तुम्ही येणार आहात, की नुसतंच धरून-सोडून?"

काकूंचा हा प्रश्न वर्मावर बोट ठेवणारा आहे. सहलनियोजक कधीच येत नाही. त्याच्याकडे गाडी असते, पण ती वाड्यासमोरच्या एका जागेत उभी असते, आणि मंडईजवळ गाडी काढली की जागा गेली. जागा धरून ठेवायची तर सहल सोडावी लागते. २०२४ च्या सप्टेंबरात मंडईच्या पोटातून भुयारी मेट्रो धावू लागली, तेव्हा गर्दी ओसरेल आणि गाडी हलवता येईल असे त्याने जाहीर केले होते. ती अजून हललेली नाही. त्यामुळे त्याची बायको लग्नानंतरच्या इतक्या वर्षांत कोकणातले सतरा मुक्काम तोंडपाठ म्हणू शकते आणि तिने त्यातला एकही पाहिलेला नाही. या माणसाविषयी फार मऊ होऊ पाहणाऱ्याने एवढे लक्षात ठेवावे.

तरीही त्याचा कागद घेऊन गेलेली माणसे परत येऊन तक्रार करत नाहीत. हर्णैच्या बंदरावर मासळीचा लिलाव सुरू होताना ती तिथे असतात. शेवटची बोट त्यांची चुकत नाही. मुक्कामाच्या ठिकाणी काकू त्यांना आधी "पुण्याचे धरून-सोडूनवाले कसे आहेत?" असे विचारतात आणि निघताना आमसुलांची पिशवी देतात. ती मंडईत पोचते. तिचे पैसे कोणी धरलेले नसतात, आणि अशा व्यवहारापुढे सहलनियोजक काहीसा गांगरतो.

३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्याला धडकले. दिवेआगर, श्रीवर्धनपासून खाली दापोलीच्या बाजूपर्यंत वाड्या आडव्या झाल्या. वीज गेली, फोन गेले. पुण्यात टाळेबंदीचे दिवस होते. कोणाचीही सहल ठरलेली नव्हती आणि ठरण्याची शक्यता नव्हती. मंडईजवळचा एक सहलनियोजक मात्र कागद उलगडून रोज सकाळी त्यावरचे सगळे नंबर वरून खाली लावत होता. बऱ्याच दिवसांनी दिवेआगरचा एक लागला. काकूंनी सांगितले की सुपारी सगळी गेली, नारळाची चार झाडे उभी आहेत, खोल्यांवरचे पत्रे शेजारच्या वाडीत सापडले. त्याने माणसांची चौकशी केली.

"आहोत," काकू म्हणाल्या. "गाय धरून सगळी आहोत."

त्या वर्षीच्या कागदावर दिवेआगरसमोर दर लिहिलेला नाही. तिथे लाल शाईत 'पाच, गाय धरून' अशी नोंद आहे.