इंजिन जागचं न हलवता

(कोल्हापुरात शिवाजी उद्यमनगरातलं एक गॅरेज. मधोमध 1930 ची फोर्ड मॉडेल ए. शेजारी मालक, पांढऱ्याशुभ्र शर्टात. 'मी गाडी स्वतःच्या हातानं सांभाळतो' असं सांगणाऱ्याचा शर्ट बहुधा इतकाच पांढरा असतो. मिस्त्री इंजिनाला कान लावून उभे. पोऱ्याच्या हातात लाकडी मुठीचा स्क्रू ड्रायव्हर.)

मिस्त्री : हां, आता एकेका प्लगवरनं हेडला टेकव. पट्टीला बोट लावू नगंस, झटका बसंल.

पोऱ्या : एक... वाजतंय. दोन... वाजतंय. तीन... गप झालं!

मिस्त्री : बंद कर. तीन नंबरचा बिगएंड गेला.

मालक : नुसत्या स्क्रू ड्रायव्हरनं कळलं?

मिस्त्री : ठिणगी बंद, दणका बंद. दणका बंद, आवाज बंद. ह्या गाडीत प्लगला वायरी न्हाईत, तांब्याच्या उघड्या पट्ट्या हाईत, म्हणून सोपं पडतंय. पोरा, तेल काढ आणि चेंबर उतरव.

(दुपार. चेंबर खाली आलं आहे. गाडीखालून मिस्त्रींचे पाय तेवढे दिसताहेत.)

मिस्त्री : क्रँकची पिन एका बाजूनं मोजली तर दीड इंचाला दोन थाऊ कमी. दुसऱ्या बाजूनं सहा. म्हंजे पिन चार थाऊ लंबगोल.

मालक : थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग ना? चार थाऊ म्हणजे मिलिमीटरचा दहावा हिस्सा. एवढ्यासाठी एवढा आरडाओरडा?

मिस्त्री : आरडाओरडा मी न्हाई, इंजिन करतंय. त्येवढ्याच फटीत रॉड मिनिटाला दोन हजार येळा आपटतोय.

मालक : पण गोल पिन लंबगोल होतेच कशी? झिजायची तर सगळीकडून सारखी झिजावी.

मिस्त्री : वरनं दणका येतोय त्यो दर येळी पिनच्या एकाच अंगाला. नव्वद वरसं एकाच गालावर खाल्ल्यावर दुसरं काय व्हणार? इंजिन उतरवू, क्रँक काढू, ग्राइंडिंगला पाठवू.

मालक : इंजिन उतरवायचं नाही.

मिस्त्री : का?

मालक : आजोबांनी गाडी घेतली तेव्हापासून ते जागचं हललेलं नाही. आणि केंद्र सरकारचा 2021 चा नियम माहीत आहे का तुम्हाला? पन्नास वर्षांवरची गाडी मूळ रूपात असेल तरच विंटेज. चॅसी, बॉडी, इंजिन, कशातही मोठा बदल चालत नाही.

मिस्त्री : क्रँक घासणं हा बदल न्हवं, दुरुस्ती हाय. नंबर ब्लॉकवर हाय, त्येला कोण हात लावतंय?

मालक : तरी नको. आमची गाडी 1930 ची. जुन्या गाड्यांच्या जागतिक संघटनेच्या हिशेबानं 1919 ते 1930 म्हणजे विंटेज. एक वर्ष उशिरा निघाली असती तर पोस्ट-विंटेज झाली असती!

मिस्त्री : आमच्याकडं दोनच जाती. चालती आणि न चालती.

मालक : ऐका तर. मी वाचलंय. पिन जागेवरच घासून मिळते, क्रँक न काढता. दुर्बिणीतून अपेंडिक्स काढतात ना, तसं. जहाजांवर सर्रास करतात.

मिस्त्री : करत्यात की. जहाजाचं इंजिन भाईर काढायचं म्हंजे डेक कापायला लागतोय, आणि त्येचा क्रँक कित्येक टनांचा. म्हणून ग्राइंडिंग मशीनच उचलून आत न्हेत्यात. तुमच्या फोर्डाचं बॉनेट चार खिट्या काढल्या की उघडतंय.

मालक : म्हणजे तत्त्वतः शक्य आहे!

मिस्त्री : माझ्या उस्तादाकडं तसलं हत्यार हुतं. कडं असायचं, पिनला मिठी मारायचं, एका अंगाला पाता. ट्रकवाल्यांची निकड असली की काढायचा.

मालक : (उत्साहात) मग आणा की ते!

मिस्त्री : आधी ऐका. कडं टेकवायचं कशावर? पिनवरच. पिन लंबगोल. लंबगोलावर टेकून फिरंल त्ये पण लंबगोलच कापंल. पिनच्या दोन्ही कडंला न झिजलेली बारकी पट्टी असती, तिच्यावर नेमकं बसलं तरच गोल. आणि कोपऱ्यातली गोलाई राखायला लागती. तिथं पाता घुसला की खाच पडली, आणि खाच पडली की क्रँक एक दिवस मधनंच तुटणार.

मालक : तुम्ही राखाल. तुमच्या हातावर माझा विश्वास आहे.

मिस्त्री : माझ्या हातावर हाय, पण माझ्या पाठीवर हाय का? आणि एक बगा, पिन एका जागी फिरत न्हाई. सव्वाचार इंचाचा स्ट्रोक, म्हंजे सव्वाचार इंचाच्या वर्तुळात घिरट्या घालती. तिच्यासंगं हत्यार फिरणार, हत्यारासंगं माझं नाक.

मालक : क्रँक फिरवायचा प्रश्न मी सोडवलाय. (खिशातून कागद काढतात.) मागचं एक चाक जॅकवर, दुसरं जमिनीवर. गाडी टॉप गिअरमध्ये. मी उचललेलं चाक हातानं फिरवतो.

मिस्त्री : हिशेब केलासा?

मालक : डिफरन्शिअल 3.78 ला एक. एकच चाक फिरतंय म्हणून निम्मं. म्हणजे चाकाच्या एका फेऱ्यात क्रँकचे 1.89 फेरे. क्रँकला मिनिटाला तीस हवेत, तर चाकाला सोळा.

मिस्त्री : (पहिल्यांदाच गाडीखालून बाहेर येत) बरोबर हाय की वो हिशेब! आता ह्ये सोळा फेरे एका चालीत, न थांबता, न अडखळता, किती तास मारणार?

मालक : तास?

मिस्त्री : चार थाऊ काय एका दमात निघत्यात व्हय? अर्धा अर्धा थाऊ घ्यायचा, थांबायचं, मोजायचं, परत फिरवायचं. मधी तुमचा फोन वाजला आणि चाल मोडली की तिथं पिनवर पायरी.

मालक : मग पोऱ्या फिरवेल.

पोऱ्या : मला क्लासला जायचंय.

मालक : मिस्त्री, खरं सांगतो. पुढच्या रविवारी भाच्याचं लग्न आहे. वरात ह्याच गाडीतून निघायची आहे. पत्रिका वाटून झाल्यात, गाडीचा फोटो छापलाय पत्रिकेवर.

मिस्त्री : विंटेज गाडी रोजच्या वापराला चालत न्हाई म्हणत्यात. वरातीला चालती?

मालक : प्रदर्शनाला आणि रॅलीला चालते. वरात म्हणजे रॅलीच की हो!

मिस्त्री : नवऱ्यामुलाला सांगितलंय का त्यो रॅलीत हाय म्हणून?

मालक : चेष्टा पुरे. एकच सांगा, ह्या गाडीत जमेल का नाही?

मिस्त्री : दुसरी गाडी असती तर दारातनंच परत धाडली असती. नंतरच्या गाड्यांच्या क्रँकला आत तेलाची भोकं असत्यात. किस त्येच्यात गेला की नव्या बेअरिंगचा पयल्याच दिवशी चुरा. ह्या मॉडेल ए च्या क्रँकला भोकच न्हाई. रॉडच्या बुडाला चमचा हाय, त्यो तेलात बुडतोय आणि तेल उडवतोय. तेवढं तुमचं नशीब.

मालक : बघा! हेन्री फोर्डनं माझ्यासाठीच सोय ठेवली होती.

मिस्त्री : फोर्डानं स्वस्तात भागवलं हुतं. नशीब हितंच संपलं. मेन बेअरिंग शेजारीच, आणि त्यात बी व्हाईट मेटलच. मऊ धातू. किसाचा एक कण त्यात रुतला की त्यो कणच क्रँक घासत बसतोय. क्रँकचं मेन जर्नल जागेवर घासता येत न्हाई, कारण क्रँक त्येच्यावरच बसलाय. आणि क्रँक वाकलाय का सरळ हाय, ह्ये व्ही-ब्लॉकवर ठेवून डायल लावल्याबिगर देवाला बी कळायचं न्हाई.

मालक : पण वाजतोय तर फक्त तीन नंबर.

मिस्त्री : तीन नंबर मोठ्यानं वाजतोय म्हणून बाकीचे ऐकू येत न्हाईत. मगाशी चेंबर काढल्यावर दोन नंबर बी मोजला. तीन थाऊ.

मालक : (गप्प)

मिस्त्री : एक नंबर अडीच.

मालक : चार नंबर सांगू नका.

मिस्त्री : नगं तर नगं. पण एकच पिन खराब असती तर केलं असतं, पाठ मोडून केलं असतं. चार पिना गाडीखाली उताणं पडून करायच्या म्हंजे आठवडा. इंजिन उतरवायला एक दिवस. रेडिएटर काढायचा, गिअरबॉक्स सोडवायची, चेन पुली लावायची.

मालक : उतरवलं तर रविवारपर्यंत होईल?

मिस्त्री : क्रँक एका दिवसात घासून येतोय, चारी पिना दहा थाऊ खाली. पण मग चारी रॉडांत व्हाईट मेटल भरायचं, पिनच्या मापाला बोअर करायचं, शिमा लावून फिट करायचं, मेन बघायचं, इंजिन परत चढवायचं. भरणारा म्हातारा एकच राहिलाय आणि त्येच्याकडं रांग हाय.

मालक : मग किती दिवस?

मिस्त्री : तीन आठवडं. भाच्याला घोडं सांगा.